न ठोकलेली खुंटी

१

तेजस्वी रोज सकाळी वर्गावर जाण्याआधी कॅल्क्युलेटरला एक गणित घालायची. त्याचं उत्तर तिला पाठ होतं. तबलजी मैफिलीआधी हातोडीने सूर ठोकून बघतो, त्यातलाच हा प्रकार. उत्तर बरोबर आलं की ती कॅल्क्युलेटरवरून अंगठा फिरवायची आणि तो पर्समध्ये नाही, ओढणीखाली गळ्यातल्या पिशवीत ठेवायची.

तो होताच तसा. बटणांवरची अक्षरं पुसत आलेली, पाठीला एक ओरखडा, आणि आत राजाभाऊंनी लिहिलेले प्रोग्रॅम. रत्नागिरीच्या ज्या तंत्रनिकेतनात ती आता सर्व्हे शिकवत होती, तिथेच राजाभाऊ तिला शिकवायला होते. मंडणगडच्या डोंगरातून आलेल्या या मुलीला कोन आणि अंतरं यांचं वेड त्यांनीच लावलं. पुढे ती गुवाहाटीला गेली, तिथून नॉर्वेला गेली, आणि सगळ्यांनी समजावूनही परत आली. त्या दिवशी निवृत्त राजाभाऊंनी हा कॅल्क्युलेटर तिच्या हातावर ठेवला होता.

"मोबाईल तुम्हाला उत्तर देतो," ती पोरांना सांगायची. "हा उत्तर देत नाही. तुम्ही कसा विचार करता, ते तुमच्याकडून पायरीपायरीने लिहून घेतो, आणि मग जन्मभर तसाच विचार करतो. तुमच्यापेक्षा न थकता. यात प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे आपल्या डोक्याचा एक तुकडा काढून दुसऱ्याच्या हातात देणं."

"मॅडम, माझ्या डोक्याचा तुकडा कोण घेणार?" मागच्या बाकावरून ऋत्विक म्हणायचा, आणि वर्ग हसायचा. हसू दे. पण त्याच ऋत्विकने असाच सेकंडहँड कॅल्क्युलेटर शोधून आणला होता आणि तुळईचा अख्खा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. तेजस्वीला वाटायचं, ह्याच्याचसाठी आपण परत आलो.

२

त्या वर्षी तिने पोरांचा सर्व्हे कॅम्प कॉलेजच्या आवारात न घेता निवळीच्या आतल्या बाजूला, बावकोंडात घेतला. बावकोंड म्हणजे पर्‍ह्यापलीकडची, ओढ्यापलीकडची, एक वाडी. उन्हाळ्यात पर्‍ह्या उडी मारून ओलांडता येतो. पावसाळ्यात त्याच्यावर सुपारीच्या खोडांचा साकव घालतात, आणि मोठा पूर आला की तो साकव जातो. मग वाडीतलं माणूस वाडीतच.

वाडीतल्या भागोजींची सून राही हिला आषाढात दिवस भरणार होते. तिच्या चुलत जावेला दोन वर्षांमागे अशाच पुरात कळा सुरू झाल्या होत्या, आणि पाणी उतरेपर्यंत ती अलीकडच्या काठाला पोचलीच नव्हती. त्यावर वाडीत कोणी बोलत नसे.

राहीचा नवरा दीपक जयगडच्या बंदरात क्रेनवर होता. तिथून त्याने जुने लोखंडी गर्डर मिळवून आणले होते. ते आंब्याखाली पडले होते. पाया कुठे घ्यायचा, एवढं कोणीतरी शिकलेल्या माणसाने सांगायचं बाकी होतं.

"ताई, तुमचा साकव आधी का माझा पोर आधी?" राहीने पहिल्याच दिवशी पाण्याची कळशी खाली ठेवत विचारलं.

"साकव," तेजस्वी म्हणाली.

"बघा हां. ह्यो लय घाईतला हाय. बापाव गेलाय."

भागोजी मोजणीची लाल-पांढरी काठी धरून उभे होते. "बापाला कसली घाई? लग्नाला वऱ्हाड येऊन थांबलेलं नि ह्यो जयगडात डबल ड्युटी करत होता," ते म्हणाले. राही पदर तोंडाला लावून हसली.

त्या हसण्यानेच तेजस्वीने ठरवलं. हा साकव आषाढाआधी उभा राहील. बाकी काही झालं नाही तरी चालेल.

३

मोजणी साधी होती. एका खुंटीपासून निघायचं, कोन आणि अंतर घेत दुसरीला, तिसरीला, असं पर्‍ह्याच्या दोन्ही काठांनी फिरत पुन्हा पहिल्या खुंटीवर यायचं. राजाभाऊ त्याला 'फेरा' म्हणत. कागदावर फेरा कधीच पुरता मिटत नाही. टेप सैल पडते, डोळा चुकतो, आणि निघालो तिथे परत येताना माणूस दोनचार बोटं बाजूला पडतं. किती बाजूला पडलो, ते कॅल्क्युलेटर सांगतो. थोडी चूक असली तर ती सगळ्या बाजूंना वाटून टाकायची. ही जगरहाटीच आहे.

मोजणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ती आकडे भरत बसली. प्रोग्रॅम आधी विचारतो, बाजू किती. ते सांगितलं की एकेका बाजूचा कोन विचारतो, अंतर विचारतो, आणि तेवढ्या बाजू झाल्या की थांबतो. शेवटच्या बाजूचा प्रश्न पडद्यावर असताना शिपाई चहा घेऊन आला. चहा घेता घेता तिचं बोट काही न भरताच पुढे जायच्या बटणावर पडलं. कोनाला एकदा, अंतराला एकदा.

असं केलं की हे मशीन रागावत नाही. मेमरीच्या त्या खणात आधीपासून जे पडलेलं असेल, तेच धरून चालतं.

बाजू संपल्या होत्या. त्याने आता थांबायला हवं होतं. पण पडद्यावर पुन्हा कोन विचारलेला होता.

तिने चहाचा कप खाली ठेवला. 'ही कुठली?' तिच्या तोंडून निघालं. मग सवयीने, किंवा कुतूहलाने, तिने पुन्हा काही न भरता पुढे ढकललं. आणि चूक आली: शून्य.

दशांशानंतरही शून्यच. थेट शून्य.

४

तिने कागद घेऊन न भरता ढकललेल्या त्या दोन बाजू उलगडल्या. शेवटच्या खुंटीवरून सरळ घरी यायच्या ऐवजी मशीन वाट वाकडी करून आलं होतं. पलीकडच्या काठाला एका जागी थांबून, मग पहिल्या खुंटीवर. जिथे थांबलं, तिथे कोणी खुंटी ठोकलेली नव्हती.

एकच खुलासा सुचत होता. पोरं आकडे शिजवतात. फेरा मिटत नाही म्हणून घरी बसून आतबाहेर करतात, हे सर्व्हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आदल्या सबंध दिवशी कॅल्क्युलेटर ऋत्विककडे होता.

तिने त्याला बोलावलं आणि चांगलं झापलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू? मी शिजवायला बसलो असतो, तर शून्य आणलं असतं का?"

"म्हणजे?"

"दोन बोटं चूक ठेवली असती. शून्य आलं की कोणालाही कळतं. तेवढी अक्कल आहे मला."

तो बरोबर बोलत होता. शून्य आणायला एकतर मूर्ख हवा, नाहीतर ज्याची टेप सैल पडत नाही, असा कोणीतरी.

"सॉरी," ती म्हणाली.

"इट्स ओके, मॅडम. पण डोक्याचा तुकडा माझा नव्हता, तर कोणाचा?"

या वेळी हसायला वर्ग नव्हता.

५

राजाभाऊ नाचणे रोडला, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत. ती गेली तेव्हा ते गॅलरीत कोकमाची सोलं वाळत घालत होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला, कॅल्क्युलेटर घेतला, आणि जुन्या मित्राची तब्येत बघावी तसा उलटसुलट केला.

"काय म्हणत्येस, जास्तीची बाजू विचारतो? शक्य नाही गं. प्रोग्रॅम माझा आहे."

त्यांनी प्रोग्रॅमची एकेक ओळ पडद्यावर सरकवली. प्रत्येक ओळीला ते मान डोलवत होते. "हे बघ, इथे मोजतो. इथे संपतो. पुढचं विचारायला त्याला तोंडच ठेवलेलं नाही मी."

"मला दिसतंय, सर. म्हणून तर आले."

त्यांनी सगळे खण पुसून टाकले. प्रत्येकात शून्य आहे ना, ते तिला दाखवलं. मग तिच्याकडचे आकडे एकेक करून स्वतः भरले आणि शेवटच्या बाजूला काही न घालता पुढे गेले.

बाजू संपल्या, तरी पुन्हा कोन विचारला गेला. पुन्हा पुढे गेले.

शून्य.

खण उघडून बघितले, तर त्यात तोच कोन आणि तेच अंतर. खाली रिक्षाचा हॉर्न वाजत होता, आत सून मिक्सर लावत होती. राजाभाऊ बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात भीती कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं.

"जन्मभर फेरे घातले मी. असा मिटलेला एकही बघितला नाही. काय हात असेल गं हा."

"कोणाचा हात, सर?"

त्यांनी कॅल्क्युलेटर पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली, आणि ती तिच्या पुढ्यात सरकवली. "तू जागेवर जाऊन बघ. यंत्र लाव आणि तो कोन फिरव. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे मीच शिकवलंय ना तुला?" मग थोडं थांबून, "आणि हे इथे ठेवून जाऊ नकोस हो."

६

पुढच्या रविवारी ती बावकोंडात एकटीच गेली. कॉलेजचं नवं यंत्र परीक्षेत अडकलेलं, म्हणून कोन मोजायचा जुना थिओडोलाइट घेतला होता. त्याच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. झाडाचे शेंडे खाली, मुळं वर, माणसं डोक्यावर उभी. नवशिके गांगरतात, पण आठवडाभरात डोळा सरावतो. तेजस्वीला तर ते उलटं जग आवडायचं. त्यात शिरलं की बाकी काही उरत नसे.

दुपार टळटळीत होती. कातळ तापलेला, पर्‍ह्यात डबक्यापुरतं पाणी, कुठेतरी एक खंड्या. शेवटच्या खुंटीवर तिने यंत्र लावलं, कोन फिरवला, घट्ट केला.

"भागोजीकाका, काठी घेऊन पलीकडे चला," ती वळून न बघता म्हणाली. "करवंदीच्या जाळीपाशी. मी हाताने दाखवते."

"जातो," असं तिला ऐकू आलं.

तिने डोळा लावला. उलटी जाळी, उलटा काठ. मग लाल-पांढरी काठी चौकटीत आली, दुर्बिणीतल्या उभ्या तारेच्या जरा उजवीकडे. 'काका लगेच पोचले,' एवढंच तिच्या मनात आलं. तिने हात वर करून डावीकडे सरकायची खूण केली. काठी डावीकडे सरकली. आणखी थोडं, तिने बोटांनी दाखवलं. काठी आणखी थोडी सरकली आणि उभ्या तारेवर अशी बसली की तार दिसेनाशी झाली. जरासुद्धा थरथर नाही. इतकी निश्चल काठी तिने आजवर कोणाच्या हातात बघितली नव्हती. वाहवा, असं ती जवळजवळ म्हणालीच.

आणि मग तिच्या लक्षात आलं. जाळी उलटी होती. काठ उलटा होता. काठी धरणारा मात्र सुलटा उभा होता.

पाय खाली, डोकं वर. काठीवर दोन्ही हात, बोटं लांब. चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं. पण तो यंत्राकडे बघत होता, खूण मिळायची वाट बघणारा बघतो तसा.

"बाय," तिच्या पाठीमागून भागोजी म्हणाले, "चपलेचा अंगठा तुटला, तो बांधत होतो. आता जाऊ काय?"

७

तिने डोळा काढला. पलीकडे करवंदीची जाळी, तिच्या बाजूला उघडा कातळ, त्यावर ऊन. पुन्हा डोळा लावला. तेच, उलटं.

"तुमी मगाशी कुणाला हात करत होतात?" भागोजींनी विचारलं.

"कोणाला नाही."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग घरातून पहार आणली, आणि दोघं पर्‍ह्या ओलांडून गेले.

तिच्या नकाशात पाया धरला होता ती जागा जाळीच्या खालच्या अंगाला होती, सपाट आणि रुंद. बघणाऱ्याला तीच आवडावी. तिने भागोजींना तिथे पहार मारायला सांगितली. आवाज आला तो रिकाम्या माठासारखा. कातळाखाली पोकळी होती, पाण्याने कधीची कोरलेली. वर बोटभर साल, खाली काही नाही. सराव म्हणून मोजलेल्या फेऱ्यावर विसंबून तिने तिथे पाया घातला असता, गर्डर चढवले असते, आणि आषाढात त्यावरून राहीला न्यायला सांगितलं असतं.

ती खाली बसली.

मग उठून कॅल्क्युलेटरमधलं अंतर टेपने घातलं. मगाशी काठी उभी होती, नेमकं तिथे येऊन ते संपलं. भागोजींनी पहार मारली. ती उडून परत आली, आणि आवाज घंटेसारखा, लांबपर्यंत गेलेला.

"पोलाद हाय," भागोजी म्हणाले.

गर्डर तिथून बेताचे पुरत होते. जसे काही मापूनच कापले असावेत.

घाबरायचं कशाला, ती स्वतःला सांगत होती. तिच्या डोळ्यांना ऊन लागलं असेल. मशीनचा एखादा घटक जुना झाला असेल. पण हे सगळं तिला स्वतःलाच केविलवाणं वाटत होतं. इतकं चोख काम करणाऱ्याला 'जुना झालेला घटक' म्हणायला तिची जीभ वळेना. जो कोणी होता, त्याला मोजता येत होतं. तिच्याहून चांगलं येत होतं. सगळी रात्र भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण तिच्या आतून एखाद्या मोठ्या गुरूपुढे बसल्यासारखं काहीतरी वर येत राहिलं.

८

पाया तिथेच घेतला. दीपक सुट्टी काढून आला, ऋत्विक आणि त्याची मित्रमंडळी वेल्डिंगच्या ठिणग्यांत फोटो काढून घेत राबली, आणि वैशाख संपायच्या आत साकव उभा राहिला. राही सगळ्यात आधी त्यावरून चालत आली, पोट सांभाळत, मधे थांबून खाली बघत.

"ताई जिंकल्या," ती म्हणाली.

एकच गोष्ट तेजस्वीला टोचत राहिली. काँक्रीट ओतताना, त्या कातळावर पहिलं घमेलं पडताना, तिच्या मनात आलं होतं: तो उभा राहायचा ती जागा आपण घेतली. आता तो कुठे उभा राहील?



९

आषाढातल्या एका दुपारी दीपकचा फोन आला. तेजस्वी जीप घेऊन निघाली, बरोबर ऋत्विक. अलीकडच्या काठाला पोचले तेव्हा पर्‍ह्याचा पर्‍ह्या राहिला नव्हता. तांबडं पाणी साकवावरून घोट्याएवढं वाहत होतं. पलीकडे करवंदीच्या खालचा तो सपाट कातळ, तिने आधी निवडलेला, नव्हताच. तिथे पाण्याचा भोवरा फिरत होता. वरचा पाया मात्र तसूभर हलला नव्हता.

खुर्चीला बांबू बांधून राहीला आणत होते. पुढे दीपक आणि एक शेजारी, मागे भागोजी आणि त्यांचा पुतण्या. पाण्याच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. साकवाच्या मध्यावर आल्यावर मागचा पुतण्या घसरला. तेजस्वीने ते स्वच्छ बघितलं. तो गुडघ्यावर गेला, बांबू त्याच्या खांद्यावरून सुटला.

खुर्ची कलंडली नाही.

जराही नाही. ती सरळ राहिली, पाण्यावर एखादी काठी ओळंब्यात धरावी तशी. पुतण्या उठला, बांबूखाली खांदा घालायला धावला, आणि ते सगळे झपाझप अलीकडे आले.

"मागं कोण शिरला होता रे?" भागोजींनी धापा टाकत विचारलं. "माझ्यावरचा भारच काढलान त्यानं."

ऋत्विकने जीपचं मागचं दार उघडलं आणि सगळ्यांनी मिळून राहीला आत बसवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती शुद्धीवर होती. तिचा उजवा हात सीटच्या मोकळ्या बाजूला, हवेत धरलेला होता.

"राही, हात आत घे," तेजस्वी म्हणाली.

"ताई, ह्यो सोडत नाय."

तेजस्वीने वाकून बघितलं. राहीच्या पंज्याच्या पाठीवर दाबल्याच्या खुणा होत्या. चार बोटं, लांब. त्यांच्याखालची कातडी दबून पांढरी झाली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत आणखी दबत होती.

दीपक पुढे चढून बसला होता. "चला, चला ना, ताई!"

सोडवावं कसं? कोणाला सांगायचं? ती काही बोलणार तेवढ्यात राहीला कळ आली. तिने डोळे मिटले, आणि ती रिकामी मूठ कशाला तरी गच्च धरून राहिली. कळ ओसरली तशी ती म्हणाली, "असू दे. धरलान तर धरू दे. दवाखान्यापत्तुर येऊ दे."

तेजस्वी मागे सरली. पावसाचं पाणी तिच्या मानेवरून उतरत होतं. तिने दाराला हात घातला, पण ते लगेच लावलं नाही. उघडंच धरून ती क्षणभर थांबली, कोणाचा पाय अडकू नये म्हणून. आणि मग हलक्या हाताने बंद केलं.